गाडीतील शांततेचा इतिहास : घुंगुरमाळ ते डांबरी थर

१/ सोलापूर–हैदराबाद रस्ता धाराशिव जिल्ह्यात शिरतो आणि नळदुर्गजवळ बोरी नदी ओलांडतो. या एका वाटेने बैलगाडी, संस्थानी काळातील मोटार, रणगाडे, एसटी आणि फियाट अशी सर्व वाहने पाहिली. खरे तर ऐकली. वाहनांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याच्या पोटात दुसरा एक इतिहास आहे, वाहनातील आवाज कमी करण्याचा. जुनी मोटार पुन्हा उभी करणारा माणूस तिच्या तळाचे रबर उचलतो, तेव्हा हाच इतिहास थराथराने उघडा पडतो. ही शांतता कोणाच्या वाट्याला आली, कोणत्या पदार्थांनी घडली आणि जुन्या गाडीत आज ती किती भरावी, याचा हा धागा.

२/ बालाघाटाच्या पठारावर एके काळी वाहनाचा आवाज हवाहवासा होता. बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा रात्रीच्या वाटेवर समोरच्याला सावध करीत आणि घरी वाट पाहणाऱ्यांना गाडी आल्याची वर्दी देत. नको असलेला आवाज वेगळा होता : कोरड्या आसाची करकर, लोखंडी धावेची दगडावरची खडखड आणि साटीच्या फळ्यांचा खुळखुळाट. गाडीवानाला यातील प्रत्येक आवाजाचे कारण ठाऊक असे. करकर म्हणजे वंगण संपले, खुळखुळाट म्हणजे पाचर सैल झाली. आवाज हा बिघाडाचा पहिला निरोप असतो, हे ज्ञान मोटारीपेक्षा कितीतरी जुने आहे.

३/ त्यावरचे उपायही घरचेच होते. आसाला वंगण घालायचे, पाचरा ठोकायच्या आणि गाडीत कडबा अंथरून त्यावर घोंगडे टाकायचे. या तीन साध्या कृतींमध्ये पुढच्या शास्त्राची तीन सूत्रे दडलेली आहेत. पहिले, आवाज उगमापाशीच कमी करावा. दुसरे, सैल भाग एकमेकांवर आपटू देऊ नयेत. तिसरे, हादरणारी फळी आणि बसणारा माणूस यांच्यामध्ये मऊ थर असावा. मोटारीतील ध्वनिरोधनाचे सारे तंत्र याच तीन सूत्रांचा विस्तार आहे. पदार्थ मात्र बदलत गेले.

४/ मोटार आली तेव्हा शांतता ही श्रीमंतांची वस्तू होती. रोल्स-रॉइसची चाळीस-पन्नास अश्वशक्तीची गाडी १९०७ मध्ये ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून गाजली. चंदेरी भूत हे नाव तिला मिळाले ते तिच्या रंगामुळे आणि निःशब्द चालीमुळे. हैदराबादच्या निजामांसाठीही १९१२ ची एक सिल्व्हर घोस्ट तयार झाली. तिची मागणी मीर महबूब अली खान यांनी नोंदवली होती. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या काळात आली. ज्यांच्या नावावरून धाराशिवला पुढे उस्मानाबाद म्हटले गेले, तेच हे निजाम. राजाच्या गाडीत शांतता होती आणि रयतेच्या गाडीत खडखड, अशी ही सुरुवात.

५/ सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या. त्यांत वारा आणि धूळ इतकी असे की आवाजाची तक्रार मागे पडे. अमेरिकेत १९१९ मध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी जेमतेम एक बंद असे. १९२७ पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास गेले. पाऊस आणि थंडी बाहेर राहिली, पण नवे संकट आत आले. बंद गाडी म्हणजे चहूबाजूंनी पातळ पत्रे ताणलेली पेटी, आणि अशी पेटी ढोलासारखी वाजते. अंतर्गत ध्वनिरोधनाचा खरा इतिहास या बंद गाडीपासून सुरू होतो.

६/ पहिले एक देखणे उत्तर फ्रान्समध्ये चार्ल्स वेमन याने १९२० च्या दशकात दिले. विमानबांधणीचा अनुभव असलेल्या या गृहस्थाने गाडीचा सांगाडा लाकडाचा ठेवला, पण लाकडाला लाकूड टेकू दिले नाही. सांध्यांत पोलादी पट्ट्या घालून दोन तुकड्यांत फट राखली आणि वरून पत्र्याऐवजी कृत्रिम चामड्याचे कापड ताणले. सांगाडा लवचिक झाला, करकर थांबली आणि वाजायला पत्राच उरला नाही. कापड मात्र ऊन-पावसात टिकेना, आणि चकचकीत रंगाच्या पोलादी गाड्यांची आवड वाढली. तिशीच्या दशकात ही पद्धत मागे पडली. आवाजाच्या कारणावरच घाव घालण्याचा तिचा धडा मात्र कायम राहिला.

७/ छताची कथा आणखी बोलकी आहे. अंग पोलादी झाले तरी गाड्यांच्या छताचा मधला भाग बरीच वर्षे लाकडी पट्ट्या, कापूस आणि मेणकापड यांचा असे. एवढा रुंद पत्रा मिळणे आणि एका दाबात घडवणे अवघड, हे एक कारण. मोठा सपाट पत्रा वाजतो, हे दुसरे. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना एकसंध पोलादी छत दिले, तेव्हा त्याला बाक देणे आणि आतून नमदा चिकटवणे आवश्यक ठरले. जुन्या गाडीच्या छतावर पावसाचा थेंब पडला की तो टपकन वाजतो की घणघणतो, यावरून आतला थर शाबूत आहे की नाही हे आजही कळते.

८/ आवाज उगमापाशी रोखण्याचे मोठे पाऊल क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये टाकले. तोपर्यंत बहुतेक इंजिने सांगाड्याला घट्ट आवळलेली असत, त्यामुळे इंजिनाची प्रत्येक थरथर गाडीभर पसरे. प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या आधारांवर असे बसवले की ते आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलू शकेल. या रचनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ हे नाव मिळाले. रबराच्या दोन-तीन ठोकळ्यांनी जे साधले ते कित्येक किलो नमद्यानेही साधले नसते. याच क्रायस्लरच्या गाड्या पुढे मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जाणार होत्या.

९/ ध्वनिशोषणाचे शास्त्र त्याआधीच एका सभागृहात जन्मले होते. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात घुमारा इतका होता की वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळत. १८९५ पासून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने तिथे दुसऱ्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, आणि गाद्या वाढतील तसा घुमारा किती घटतो हे मोजले. मऊ, सच्छिद्र पदार्थात हवेचे कण तंतूंना घासतात आणि आवाजाची ऊर्जा सूक्ष्म उष्णतेत बदलते. घोंगडी अंथरलेल्या खोलीत बोलणे मऊ का वाटते, त्याचे उत्तर हेच. धनगरांच्या दख्खनी मेंढीची राठ, कुरळी लोकर या अर्थाने उत्तम ध्वनिशोषक आहे.

१०/ इकडे हैदराबाद संस्थानात १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली. निजामाच्या रेल्वेच्याच अंगाने चालणाऱ्या या खात्याचा आरंभ २७ गाड्यांनी झाला. त्यांत स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बसचा भरणा होता. सामान्य माणसाला मोटारप्रवास मिळाला तो असा, सार्वजनिक आणि गोंगाटी. लाकडी बैठक, सैल काचा, पायाखाली फळ्या. मुरमाचा रस्ता आणि काळ्या मातीतले खड्डे यांचा हिशेब थेट मणक्याला आणि कानाला चुकता होई. वेगाचे लोकशाहीकरण सुरू झाले होते, शांततेचे नव्हे.

११/ या रस्त्याने सर्वांत मोठा यांत्रिक आवाज १३ सप्टेंबर १९४८ रोजी ऐकला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्याने सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात प्रवेश केला आणि पहाटेच नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल सुस्थितीत ताब्यात घेतला. तो उडवला गेला असता तर पुढची चाल अडली असती. १७ सप्टेंबरला निजामांनी शरणागती पत्करली. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. संस्थानाची सीमा पुसली गेली आणि सोलापूर–मुंबईचा मोटारव्यवहार या जिल्ह्याला मोकळा झाला.

१२/ त्या व्यवहाराचा एक धागा सोलापूरलाच होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात बनावीत हा त्यांचा ध्यास. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंदांचे निधन झाले. पण जी गाडी मराठी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहणार होती, ती त्यानंतर लवकरच कुर्ल्यात आकार घेऊ लागली.

१३/ ती गाडी म्हणजे फियाट ११००. इटलीत १९५३ मध्ये आलेल्या तिच्या नव्या रूपात इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते आणि स्वतंत्र चॅसी नव्हती. अंग आणि सांगाडा एकच. भारतात ती मिलेचेंतो, मग डिलाइट, मग काही काळ प्रेसिडेंट आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी झाली. एकसंध अंगामुळे गाडी हलकी आणि काटक झाली, पण एक किंमत मोजावी लागली. चॅसीवर रबराचे तुकडे ठेवून अंग बसवण्याची सोय संपली. मागच्या पाट्यांमधून आणि पुढच्या स्प्रिंगांमधून येणारी रस्त्याची थरथर आता सरळ पत्र्यात उतरू लागली.

१४/ त्या काळातील उपाय गाडी उघडल्यावर हाती लागतात. तळाच्या पत्र्यावर डांबरी पदार्थाचा थर किंवा डांबर भिजवलेला जाड कागदी पुठ्ठा. त्यावर ताग, सुती चिंध्या आणि टाकाऊ लोकर कुटून केलेला नमदा. सर्वांत वर रबरी मॅट. दाराच्या आत पत्र्याला चिकटवलेला डांबरी तुकडा, इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या उभ्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, नमद्याची पाटी. एवढेच. या गाड्या शांत नव्हत्या. बोलणे ऐकू येईल इतपत त्या आवरलेल्या होत्या. जुनी फियाट जशी ऐकू येते, तो आवाज या साध्या थरांनी ठरवलेला आहे.

१५/ डांबराचा तुकडा पत्र्याला शांत कसा करतो? हलगी वाजत असताना कातड्यावर तळहात ठेवला की नाद तुटतो. हात आवाज अडवत नाही. तो कंपनाची ऊर्जा गिळतो. डांबरही तेच करते. पत्रा वाकला की त्याला चिकटलेला चिवट थर ताणला जातो आणि त्याच्या अंतर्गत घर्षणात ऊर्जा उष्णता बनून विरते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. धातूच्या पट्टीवर थर देऊन त्याची क्षमता मोजण्याच्या पद्धतीला आजही त्यांचेच नाव आहे. थर जाड आणि ताठ असेल तर फायदा अधिक, हे त्यातून सिद्ध झाले. पण वजनही वाढते.

१६/ वजनाचा तिढा १९५९ मध्ये सुटण्याच्या मार्गाला लागला. एडवर्ड केर्विन या अमेरिकी अभियंत्याने दाखवले की चिवट थरावर आणखी एक पातळ, न ताणणारा धातूचा पापुद्रा चिकटवला तर मधला थर दोन्ही बाजूंनी कातरला जातो आणि कमी जाडीत अधिक ऊर्जा गिळतो. आज बाजारात मिळणारी, वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत ब्यूटाइल रबर असलेली चादर हे याच तत्त्वाचे रूप. ब्यूटाइल रबर १९३७ मध्ये अमेरिकेत शोधले गेले. म्हणजे जुन्या फियाटमध्ये जी चादर आज बसवली जाते, तिचे विज्ञान बहुतेक त्या गाडीच्याच वयाचे आहे.

१७/ इथे एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे. दमन, शोषण आणि अडथळा ही तीन वेगळी कामे आहेत. ब्यूटाइलची चादर पत्र्याची थरथर दमवते. नमदा, लोकर किंवा मोकळ्या छिद्रांचा फोम हवेतला आवाज शोषतो. आणि आवाज आरपार जाऊ न देणे हे वजनाचे काम : भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. हलका फोम इंजिनाचा आवाज अडवू शकत नाही आणि जड रबर खोलीतला घुमारा शोषू शकत नाही. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याच्या हट्टात पैसा जातो आणि आवाज राहतो.

१८/ चौथी गोष्ट फटीची. नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो पूर्ण झाला. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी कोसळते, तेव्हा चहूबाजूंना अवजड दगड असूनही आत गर्जना भरून राहते, कारण धबधबा पाहण्यासाठी ठेवलेल्या गवाक्षांतून आवाज आत येतो. गाडीतही तसेच. भिंतीच्या क्षेत्रफळाचा अवघा एक टक्का भाग उघडा असेल, तर बाकीची भिंत कितीही उत्तम असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. तारांच्या छिद्रांतील फाटलेली रबरी कडी आणि दाराचे कडक झालेले बीडिंग आधी बदलायचे, ते यासाठी.

१९/ काही आवाज मात्र कोणत्याही गालिच्याला जुमानत नाहीत. छोट्या गाडीच्या आतली पोकळी साधारण २ मीटर लांब धरली, तर तिच्यात सुमारे ८५ हर्ट्झचा नाद घुमतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात; मिनिटाला सुमारे २५५० फेऱ्यांवर त्यांचा नाद नेमका तिथे जुळतो. प्रवासाच्या ऐन वेगात गाडी डग्ग्यासारखी घुमू लागते ती अशी. या नादाची लहर चार मीटरची असते. बोटभर नमदा तिला शोषू शकत नाही. तिथे इंजिनाचे झिजलेले रबरी आधार, सायलेन्सरचे लटकन आणि छताच्या पत्र्याचे दमन हेच उपाय लागू पडतात.

२०/ या साऱ्या शास्त्राचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न इतिहासाने विचारायलाच हवा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली बससेवाही हैदराबादच्या खात्यातून त्या राज्याकडे गेली; पुढे ती महाराष्ट्राची एसटी झाली. तुळजापूरची यात्रा, उमरग्याचा बाजार, परांड्याची कचेरी ही सारी ये-जा तिच्यावर चालली. लोकांनी तिला प्रेमाने लाल परी म्हटले आणि तितक्याच प्रेमाने लाल डबा. डबा हा शब्द आवाजातूनच आला असावा असे वाटावे, इतक्या तिच्या काचा खडखडत. जुन्या बसमध्ये इंजिनाचे झाकण चालकाच्या शेजारीच असे. आयुष्यभर त्याच्या कानाशी गरगरणाऱ्या इंजिनावर कोणी घोंगडे घातले नाही.

२१/ आता जुन्या गाडीकडे. ध्वनिरोधनाचा थर हा तिच्या गंजाचा सर्वांत मोठा साक्षीदार असतो, आणि कित्येकदा गुन्हेगारही. नमदा पाणी धरून ठेवतो. काचेच्या रबरातून झिरपलेला थेंब त्यात महिनोन्‌महिने राहतो आणि वरून रबरी मॅट नीटनेटकी दिसत असताना खाली पत्रा कुजतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आयुष्य काढलेल्या फियाटचा तळ म्हणूनच अनेकदा चाळणी झालेला मिळतो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात राहिलेल्या गाडीचा पत्रा तुलनेने निरोगी सापडू शकतो. पण नमद्यात अडकलेली काळी माती ओल धरते, हे विसरून चालत नाही.

२२/ कोरड्या हवेचा अपाय वेगळा आहे. चाळिशी पार केलेल्या उन्हात उभ्या गाडीचे छत हातही लावू देत नाही. स्वस्त डांबरी चादरी त्या तापात मऊ होतात, सुटतात आणि गाडीभर वास पसरवतात. छत आणि दारे यांसाठी ब्यूटाइल वापरण्याचे कारण हेच. आणखी एक सावधगिरी प्राणांशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या मध्यातील काही नमदे, लेप आणि उष्णतारोधक पाट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासात गेले तर फुप्फुसांचे असाध्य रोग होतात. अनोळखी करडा, तंतुमय थर कोरडा खरवडू नये. त्याची आधी तपासणी व्हावी.

२३/ कामाचा क्रम साधा आहे, पण तो उलटवता येत नाही. आधी जुने थर छायाचित्रे काढून उतरवायचे. त्यांचे आकार हाच मूळ नकाशा. मग गंज काढून पत्रा जोडायचा, प्रायमर द्यायचा. त्यानंतर माठ पारखताना वाजवतात तसे बोटाच्या पेराने प्रत्येक पत्रा ठोकायचा. जिथे नाद लांबतो तिथे मध्यभागी चादर लावायची. सारा पत्रा मढवण्याची गरज नसते. बहुधा एक चतुर्थांश भाग पुरतो. मग फटी बुजवायच्या, फायरवॉलवर जड थर द्यायचा, शेवटी नमदा. तळाची आणि दारांची पाणी निघण्याची छिद्रे मात्र उघडीच ठेवायची. ती बुजली की शांतता मिळते आणि गाडी जाते.

२४/ यापुढचा प्रश्न तंत्राचा नसून सचोटीचा आहे. जुनी गाडी पुन्हा उभी करताना तिला मूळच्यापेक्षा शांत करावे काय? ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिन सनदेत १९६४ च्या व्हेनिस सनदेचेच तत्त्व वाहनांना लावले : मूळ अंशाचा आदर राखावा, बदल कमीत कमी असावा, केलेला बदल ओळखता यावा आणि काढता यावा. भारतातही जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. त्यात चॅसी, अंग आणि इंजिन मूळचे असण्यावर भर आहे. निघू शकणारा थर या कसोटीला उतरतो. कुजलेल्या पत्र्यावर चिकटवलेली चकचकीत चादर उतरत नाही. तिला संवर्धन म्हणता येत नाही, ते झाकणे आहे.

२५/ मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. त्याच २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नावही अधिकृतपणे धाराशिव झाले. नावे बदलतात, रस्ते रुंद होतात. नळदुर्गवरून आता चौपदरी वाहतूक धावते आणि वातानुकूलित गाड्यांच्या आत बाहेरचे काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे जुन्या गाडीचा आवाज हासुद्धा एक दस्तऐवज ठरला आहे. गिअर बदलतानाचा सूर, दार मिटतानाचा ठोका, पाट्यांची कुरकुर, यांतून एका पिढीचा प्रवास ऐकू येतो.

२६/ म्हणून जाणता कारागीर सगळा आवाज मारत नाही. खडखड ही दुरवस्था आहे, ती काढायची. घुमक कानाला थकवते, ती दमवायची. पण इंजिनाचा सूर राखायचा, कारण बिघाडाचा पहिला निरोप आजही तिथूनच येतो. बैलगाडीचा गाडीवान नेमका हाच विवेक पाळत होता : आसाला वंगण घालताना त्याने घुंगुरमाळ कधी काढून ठेवली नाही.